अर्धा व्होल्ट

दांडेकर पुलाजवळच्या आमच्या संडासात
बायकांच्या बाजूला चार दारं, दोनांनाच कडी,
आणि गेल्या मंगळवारपासून एक दिवा.

वायरमन आकडा शोधून थकला.
खांबावरून नाही, मीटरवरून नाही.
मागच्या भिंतीला बत्तीस बरण्या, लोणच्याच्या असतात तशा,
आत काळं कापड, बाहेर तांब्याची तार,
आणि आपलंच सगळं,
कालचं, परवाचं.

मृण्मयीनं आणल्या. पाषाणहून, रिक्षात, मांडीवर घेऊन.
नाकाला रुमाल लावला नाही तिनं,
तेव्हाच मी तिला चहा विचारला.
म्हणाली, मावशी, यात जीव आहेत, दिसत नाहीत इतके बारके.
आपण टाकलं ते खातात,
खाता खाता अंगातून वीज सुटते त्यांच्या.
एका बरणीत अर्धा व्होल्ट.
अर्ध्यानं काय होतंय?
एकीला एक जोडायची. दिवसभर साठवायचं.
म्हटलं, म्हणजे भिशी.
हसली. वहीत लिहून घेतलं.

मुकादम म्हणाला, गुवात हात घालून
काय उजेड पाडणार ही पोर?
रोज सातला दाखवते त्याला.

मी एकच विचारलं: झाकणं एवढी घट्ट,
आत गुदमरत नाहीत?
म्हणाली, आत हवा गेली तर काम बिघडतं त्यांचं.
हवा नाही तिथंच ते जगतात.

मी काही बोलले नाही.
बादली उचलली, तिसरं दार धुतलं.
धुतलेलंच होतं.

आमचे दादा, सखाहरी, ड्रेनेजला बिगारी.
झाकण सरकवलं की आधी दोरीनं कंदील सोडायचे.
पेटता राहिला तर माणूस उतरायचा.
विझला तर सगळे कडेला बसून राहायचे,
बिडीसुद्धा न पेटवता.
त्या दिवशी साहेबाला घाई होती.
कंदील टेम्पोतच राहिला.
कागदावर लिहिलं, पाय घसरून.

परवा लाइट गेली, आंबील ओढ्यापर्यंत सगळं काळं.
पाटोळ्यांची सून, आठवा महिना,
रात्री दोनला एकटी आली,
कडी लावली, आतून गुणगुणत होती काहीतरी.
उजेड फार नाही.
सुईत दोरा ओवता येणार नाही त्यात.
पायरी दिसते, पाणी दिसतं,
पलीकडं कोण उभं आहे ते दिसतं.

घरी निघताना मी वळून बघते, पेटता आहे का.
पेटता असला
की उतरते.