आठवा

बापाचे गुडघे आता त्याला जमिनीवर झोपू देत नाहीत,
म्हणून या वर्षी तंबू ट्रकवर चढला.
पिकअपच्या हौद्यात, चाकांच्या दोन उंचवट्यांच्या मधोमध,
पट्टे खालून ओढून, आकडे पत्र्याच्या कडेला अडकवून
उभा केला मी एकटीने.
ऑरिन टॉर्च धरून उभा,
प्रत्येक गाठीला नावं ठेवत.
"ही सुटेल."
"सुटू दे."
"वारा पश्चिमेचा आहे."
वायोमिंगमध्ये वारा पश्चिमेचाच असतो,
जन्मल्यापासून ऐकतेय.

पन्हळी पत्र्यावर रबराची चटई,
तिच्यावर दोन पातळ गाद्या, वर लोकरीची घोंगडी.
कोपऱ्यात अजून वाळल्या गवताच्या काड्या
आणि कितीही धुतलं तरी न जाणारा मेंढ्यांचा वास.
मेंढ्या विकून सहा वर्षं झाली.
कुत्रीला तंबूत जागा नव्हती. ती पुढे केबिनमध्ये
स्टिअरिंगवर हनुवटी टेकून.
मध्यरात्री तिने कूस बदलली
आणि भोंगा असा वाजला
की वीस मैलांत कुणी असलंच माणूस, तर दचकलं असेल.
बाप हसला.
तेवढं त्याला ऐकू आलं.

मग पुन्हा काहीच नाही.
तो वळला की स्प्रिंगा करकरायच्या,
मी वळले की त्याचा श्वास क्षणभर थांबायचा.
शेजारचा जागा आहे हे जमीन कधी सांगत नाही.
ट्रक सांगतो.

साडेचारला थर्मासचं झाकण उघडलं.
आमच्याच श्वासांचं दंव कापडाला आतून गोठलेलं,
चेन ओढली तसं ते भुरभुरलं पापण्यांवर.
एकेक दात मोजत ओढली चेन,
कारण समोर, सेजच्या झुडपांमधल्या मोकळ्या पट्ट्यावर,
ते आले होते.

रानकोंबडे. शेपट्यांचे पंखे उभारलेले,
पांढऱ्या छातीतून दोन पिवळे फुगे फुगवत,
आणि आवाज तो, पालथ्या घागरीतून
शेवटचं पाणी निघावं तसा:
बुळुक्. बुळुक्.
अडतीस वर्षं हा माणूस त्यांना मोजायला येतोय.
पगार नाही, कुणी सांगितलेलंही नाही.
तेलाचे डाग पडलेल्या वहीत
माझ्या जन्माच्या वर्षी चौऱ्याण्णव.
आई गेली त्या वर्षी एक्केचाळीस.
गेल्या वर्षी अकरा.

आता त्याच्या डोळ्यांत साय धरली आहे.
झुंजुमुंजूला त्याला झुडूप आणि पक्षी सारखेच.
म्हणून त्याचा हात मी मांडीवर घेतला
आणि तळव्यावर बोट टेकवत गेले.
एक, डावीकडचा, मस्तवाल.
दोन आणि तीन, एकमेकांवर धावून जाणारे.
चार.
बराच वेळ नुसता वारा.
पाच, सहा.
कडेला, नाचायचं की नाही ठरत नसलेला, सात.

मी थांबले. थंडीत त्याचा तळवा उघडाच होता.
मग मी आणखी एकदा बोट टेकवलं.

त्याने मूठ मिटली.
"आठवा नव्हता, ट्वायला."
मी गप्प.
"मोजणीत माया चालत नाही."

त्याला कसं कळलं, मी विचारलं नाही.
कदाचित आठव्या वेळी बोट हलकं पडलं असेल.
कदाचित खोटं बोलताना मी लहानपणीसारखाच
श्वास धरते अजून.
त्याने पेन्सिलीला थुंकी लावली. तारीख. उणे तीन.
वारा: पश्चिम.
सात.
आकडा इतका ठळक, की मागच्या पानावर उमटला.

ऊन आलं. कुठल्याशा गरुडाची सावली सरकली
आणि सगळे एकदम उडाले,
जणू पट्ट्याने त्यांना झटकून टाकलं.
हौद्याचं फळकूट खाली पाडून आम्ही काठावर बसलो,
चार पाय लोंबकळत, मध्ये कुत्री,
कॉफी एव्हाना कोमट.
बाप मागे वळून तंबूकडे बघत होता.
पश्चिमेकडची गाठ खरंच सुटली होती,
पट्टा पत्र्यावर टक् टक् आपटत होता.

"पुढच्या वर्षी," तो म्हणाला,
"ही मी बांधेन."