शेपट्यांची भिंत

मिशिगनच्या पार वरच्या टोकाला,
जिथे नोव्हेंबरात पाच वाजायच्या आत दिवस मिटतो,
आमच्या शिकारीच्या खोपीत एक भिंत आहे
शर्टांच्या शेपट्यांची.
नेम चुकला की मागून वीतभर कापायची,
खिळ्याला ठोकायची, वर शाईने लिहायचं
नाव, साल
आणि सबब.
सबबीशिवाय शेपटी लावून घेत नाहीत.

एकाहत्तर, आर्विड : दुर्बिणीवर माझाच श्वास बसला.
त्र्याऐंशी, डेल्बर्ट : ऐन वेळी शिंक.
चौऱ्याऐंशी, डेल्बर्ट : शिंक दाबायला गेलो.
क्लेटन : काडतुसं मेहुण्याची.
क्लेटनचा मेहुणा : बंदूक क्लेटनची.
पाद्रीबुवा : ऊन डोळ्यांत आलं.
(त्याखाली दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात :
त्या दिवशी बर्फ पडत होता.)

नाचणारे आम्ही बेताचेच,
पण अंगणाचं वर्णन आमच्याकडून ऐकावं.
स्टोव्हपाशी, दुसरी बाटली उघडल्यावर
ते आणखी वाकतं,
आणि हरणाची शिंगं वाढतात.
मारलेल्याला आठ फाटे,
चुकलेल्याला नेहमी बारा.

इसाची शेपटी या भिंतीवर नव्हती.
इसा म्हणजे बाप, आम्ही फिनलंडहून आलेले लोक तसं म्हणतो.
रेइनो कांगास. बेचाळीस हंगाम, अखंड शर्ट.
तो कुणाला हसायचा नाही,
फक्त कात्री त्याच्याकडे असायची.

यंदा मी देवदारांच्या दलदलीतून हाकत येत होते,
गुडघाभर बर्फात, नारिंगी कोट घालून,
हरणं त्याच्या बाजूला निघावीत म्हणून.
हरणं केव्हाच दुसरीकडून गेली होती.
माझ्या पायाखाली एक फांदी मोडली.

मग तो आवाज.
आणि माझ्या कानापासून दोन हातांवर
भूर्जाच्या सालीचा एक पांढरा तुकडा
उडाला, आणि सावकाश
माझ्या बाहीवर येऊन बसला.

मी ओरडले नाही.
का, ते अजून कळलेलं नाही.
बराच वेळ उभी राहिले
आणि लांबच्या वाटेने खोपीत गेले.

रात्री सगळे त्याच्या मदतीला धावले.
एवढ्या वर्षांच्या सरावाच्या सबबी,
अगदी नव्यासारख्या पुसून पुढे केल्या.
धुकं असेल, रेइनो.
थंडीत तेल गोठतं बघ, चाप जड होतो.
ते हरीणच वाकलं असणार, मी पाहिलीयत तशी,
आर्विड म्हणाला, तो त्या वेळी झोपलेला होता.

इसा काही बोलला नाही.
कात्री मांडीवर, दोन्ही हात कात्रीवर,
आणि डोळे, ते निळे पाणीदार डोळे,
माझ्या चेहऱ्याच्या जरा डावीकडे लावलेले.
मी कुठे बसलेय
हे तो आवाजावरून ठरवत होता.

"वारा होता," मी म्हणाले.

त्या दिवशी देवदाराची एक सुई हलली नव्हती.
सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.
डेल्बर्टने शाई आणली.
शर्ट लोकरी, लाल चौकड्यांचा. कापताना
माझाच हात थरथरला, शेपटी तिरपी निघाली,
आणि त्यावरून हशा झाला एकदाचा.

रेइनो कांगास : वारा.

पहाटे उठले तेव्हा तो लाकडं फोडत होता,
नेहमीसारखा, एकेक घाव चाचपून.
टेबलावर माझा कप पालथा ठेवलेला.
त्याच्याशेजारी, फडक्यात गुंडाळलेला,
तेल लावून लखलखीत पुसलेला
त्याच्या बंदुकीचा बोल्ट.

मी तो खिशात टाकला.
कॉफी ओतली, दोन कप.
बाहेर जाऊन म्हटलं, आज थंडी आहे.
तो म्हणाला, हो,
आणि वाराही नाही.