पान दोनशे बारा

मधू गोडांबे शनिवार पेठेत खिळे जुळवायचा.
एकोणतीस वर्षं उलटी अक्षरं वाचून
सुलट मजकुराचा त्याला संशयच येई.
वाचा गेली तेव्हा माझ्या तळहातावर बोटानं लिहू लागला,
तेही उलटंच.
मला शिकायला महिना लागला.

एका संध्याकाळी त्यानं लिहिलं: २१२.

त्या पानावरून आम्ही भांडलो होतो
लकडी पुलावर, रात्री साडेअकराला,
सायकली हातात धरून.
खिंडीत दोन मीठवाले, एकाची कंबर मोडलेली.
तो मागतो. दुसरा स्वतःची घोंगडी
त्याच्या तोंडावर ओढतो, आणि धरून ठेवतो.
मधू म्हणाला, मैत्री म्हणतात ती हीच.
मी म्हणालो, खून आहे, गद्य चांगलं आहे इतकंच.
वाचनालयाच्या प्रतीत समासात कुणाची पेन्सिल:
"योग्य केले."
खाली दुसरं अक्षर:
"आपणांस कोणी विचारले?"

आता कमला नेहरूच्या तिसऱ्या मजल्यावर
तीच प्रत मांडीवर.
लेखकानं किती सोय करून ठेवलीय, मधू.
खिंडीत तिसरं माणूस नाही,
सलाईन बदलायला सिस्टर येत नाही,
चिंचवडहून जावई विचारत नाही
बाबांनी दूध घेतलं का.
बर्फ पडतो, प्रकरण संपतं,
पुढच्या पानावर सहा वर्षं उलटलेली.
त्या सकाळचं काय?
घोंगडीची घडी कुणी घातली?
थंडी वाजल्यावर त्यानं तीच अंगावर घेतली?

हे मी मोठ्यानं बोललो नाही.
मोठ्यानं दोनशे अकरा वाचलं, सावकाश,
स्वल्पविरामसुद्धा पाळून.
पान उलटलं. दोनशे बारा डावीकडे.
मी उजवीकडून सुरुवात केली.

तळहातावर बोट आलं.
म जकूर ग ळला.
एवढ्या दुखण्यातही
गाळलेला परिच्छेद सापडला त्याला.

म्हणालो, जुनी प्रत, पान फाटलंय.
पान होतं. शिवणही घट्ट होती.
तो बघत राहिला
पहिल्या प्रुफाकडे बघायचा तसा,
मग माझी मूठ त्यानं मिटवली,
एकेक बोट करून. फार वेळ लागला त्याला.
त्यानंतर लिहिलं नाही काही.

मार्गशीर्षात गेला. सतरा दिवस लागले.
त्या सतरा दिवसांबद्दल
मला कुणी विचारत नाही, विचारू नये.
तत्त्व होतं म्हणावं
तर मधल्या एका रात्री उशी सरळ करताना
माझे हात तिच्यावर जरा जास्तच थांबले होते.
भीती होती म्हणावं, तर तीही खरी.

पुस्तक माझ्याकडेच आहे.
वाचनालयाची दोन कार्डं येऊन गेली,
दंड वाढतोय.
समासात त्या दोन ओळींखाली
बोटभर जागा उरलीय.
पेन्सिलीला दोनदा टोक काढून झालं.