सात नंबरची बस

मार्चपासून माझ्या बसमध्ये पोरं नाहीत.
सीटांवर खोकी असतात: दूध, सफरचंदं, चीज सँडविच,
आणि गृहपाठाची पाकिटं,
प्रत्येकावर बाईंच्या अक्षरात एकेक नाव.
थांबे तेच. डेअरीचा फाटा, बंद पडलेली काचेची फॅक्टरी,
मग ट्रेलरांची वस्ती, जिथलं पिवळं कुत्रं
अजून दारापर्यंत धावत येतं
आणि कोणीच उतरत नाही म्हणून
माझ्याकडे बघत राहतं, जसं काही मीच पोरं लपवलीत.

आता ऑक्टोबर. कॅल्डर्स रनमध्ये यंदा
भोपळ्यांपेक्षा पाट्या जास्त.
"शाळा उघडा." "आम्ही शिक्षकांसोबत."
एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना, आणि कुंपण रंगवलं होतं
दोघांनी मिळून, दोन उन्हाळ्यांपूर्वी. मी पाहिलंय.

व्हर्न हटन दिवसा मांसाच्या प्लांटवर,
संध्याकाळी मेहुण्याच्या हार्डवेअरच्या गल्ल्यावर.
मास्क हनुवटीखाली ओढून म्हणतो,
"युनियन म्हणे! आम्ही रोज उभे राहतो
खांद्याला खांदा लावून. आमच्यासाठी थांबलं कोणी?"
खोटं नाही बोलत.
त्याच्या लाइनवरची अकरा माणसं तापानं पडली,
दहा उठली.
विचारावंसं वाटतं, तुमची युनियन
तुम्हीच ना मोडलीत, नाताळच्या बोनसवर मतं टाकून?
विचारत नाही. खिळे मोजून घेतो.

माझा बाप खाणीत होता.
आमच्या घरी जेवणाआधीच्या प्रार्थनेत
भाकरीच्या आधी युनियनचं नाव यायचं.
संप फोडणाऱ्या एका माणसाशी बाप मरेपर्यंत बोलला नाही.
तो माणूस माझा काका.
म्हणजे मला दोन्ही ठाऊक आहे:
युनियनमुळे ताटात काय आलं,
आणि टेबलाभोवतीची कोणती खुर्ची रिकामी राहिली.

घरी टोबी. सात वर्षांचा. मुलगी माझी
वृद्धाश्रमात रात्रपाळीला, दिवसा झोपते.
"आजोबा, बाई अडकल्या," तो ओरडतो.
पडद्यावर मिसेस पेल्टियर, तोंड उघडं, हात वर,
अर्ध्या शब्दात थिजलेल्या.
इंटरनेट येईपर्यंत आम्ही दोघं
तो शब्द काय असेल याच्या पैजा लावतो.
त्याला अजून वाचता येत नाही.
हे मी कोणाला सांगितलेलं नाही. पाटीही लावलेली नाही.

मंगळवारी जिममध्ये सभा. खुर्च्या सहा-सहा फुटांवर,
बास्केटबॉलच्या रेषा पुसून नव्या खुणा.
ऑड्री पेल्टियर उठली. सव्वीस वर्षं तिसरीचा वर्ग,
घरी नवरा ऑक्सिजनच्या नळीवर.
मागून कोणीतरी, "फुकट पगार खाता!"
ती थांबली. कागदाची घडी केली.
"माझ्या वर्गाच्या खिडक्या," म्हणाली,
"रंगानं चिकटून बसल्यात. मी शिकवायला लागले तेव्हापासून.
दर वर्षी अर्ज करते.
मला एक खिडकी उघडून द्या."
टाळ्या थोड्या. मतं चार विरुद्ध तीन:
सोमवारपासून शाळा.
माझ्या पोटात दोन गोष्टी एकदम हलल्या.
एकीला मी आनंद म्हणालो असतो, दुसरी नसती तर.

शनिवारी पटाशी मागितली.
"कशाला?" व्हर्न.
"खिडकी."
"कोणाची?"
सांगितलं. तो गप्प. मग खालच्या कप्प्यातून
तेलाची छोटी डबी काढून पटाशीशेजारी ठेवली,
बिलात धरली नाही.
युनियनला शिव्या मात्र मी दाराबाहेर पडेपर्यंत चालूच.

तिसरीचा वर्ग. बाक भिंतीशी रचलेले,
फळ्यावर अजून मार्चची तारीख.
तीन थर रंग निघाले: हिरवा, करडा, पुन्हा हिरवा.
मेलेल्या गांधीलमाश्या पडल्या बुटांवर.
खिडकी वीतभर वर आली आणि अडली.
तेल ओतलं, खांदा लावला, काही केल्या पुढे नाही.

वीतभर.
तिथून येणाऱ्या थंडीत हात धरून बघितला.
मग बस धुवायला गेलो; सीटांखाली
दुधाचा वास बसलाय सहा महिन्यांचा,
आणि सोमवार परवावर आला.