पाव फेरा

दर तीन महिन्यांनी, शेवटच्या रविवारी
आम्ही सात जण आरमोरीला जमतो.
काझीबाई भंडाऱ्याहून एसटीने,
मडावी कुरखेड्याहून मोटरसायकलवर,
पाठीला एक्स-रेचा लिफाफा बांधून.
नियम एकच, कुठे लिहिलेला नाही:
आधी फसलेली केस.
जमलेलं दाखवायचं ते जेवणानंतर,
वेळ उरला तर.

व्ह्यू-बॉक्स बंद पडून दोन वर्षं झाली.
फिल्म खिडकीच्या काचेला लावतो आम्ही.
मागे बोडी, बोडीत बगळा,
त्यामुळे कधी कधी मांडीच्या हाडातून
बगळा चालत जातो
आणि कोणी हसत नाही.

दिवाळीआधी माझी पाळी आली.
जनिता कुमरे, वय अकरा.
लहानपणी हाडात पू झाला,
उजवी नडगी साडेचार सेंटिमीटर मागे राहिली.
मागे राहिली, असंच म्हणतात तिच्या गावात,
जशी काही वाटेत कुठे बसली असेल.
मी हाड कापलं, कड्या बसवल्या, तारा ओवल्या
आणि आईच्या हातात दहा नंबरचा पाना दिला.
सकाळी सहा, दुपारी बारा,
संध्याकाळी सहा, रात्री बारा.
दर वेळी पाव फेरा. दिवसाचा एक मिलिमीटर.
याहून जास्त हाड ऐकत नाही.

चिकटपट्टीवर बॉलपेनने बाण काढून दिला होता.
तो पाण्याने पुसला गेला.
मागच्या नटाला नऊ दिवस
उलटा फेरा बसला.
पुढून वाढत होतं ते मागून मिटत गेलं,
नडगी वाकली. थोडीच.
पण थोडीच हा शब्द मी कुणाला सांगणार होतो?

उकंडे म्हणाले, “आईची चूक.”
मी म्हणालो, “शाईची.”
काझीबाईंनी चष्मा काढला.
“नऊ दिवस तुम्ही एक फोन केला नाही.”

बगळा उडाला असावा.
काचेवर नुसतं हाड उरलं.

मग मी दुसरी फिल्म लावली.
मी ओरडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी
कुमरेबाईंनी तान्ह्या पोळ्याचा डबा शोधला,
लाकडी बैलाची शिंगं रंगवून उरलेला हिंगूळ
काडीने एकेका नटाच्या कडेला लावला.
“मले बाण नाई समजत साहेब,
रंग त समजते.”
मी एम.एस. आहे. मला सुचलं नव्हतं.

नडगी सरळ. मधल्या फटीत पांढुरकं काही:
धानात दूध भरतं तेव्हा
दाणा चिमटीत दाबून बघावा, तसं.
आहे, आणि अजून नाही.

मडावीने वहीत लिहिलं: हिंगूळ.
खाली दोन रेघा मारल्या.
भात निवत होता, उकंडे पुढची फिल्म काढत होते,
त्यांचीही फसलेलीच.

उरलेले बावीस दिवस
रात्री बारा वाजता मी फोन लावला.
पलीकडे कुणी हॅलो म्हणत नसे.
कुत्रं भुंके, खाट करकरे,
लोखंडाला लोखंड लागे,
मग जनिता, अर्धवट झोपेत:
“झालं.”