डाव्या हाताचा मोजा

स्वॉन्झीच्या बसस्थानकात, चारलाच अंधारलेल्या नोव्हेंबरात,
हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीशी गेले.
हातमोजा. डावा, राखाडी, अंगठ्याला रफू.

इयेस्टिन प्रॉसरनं वही उघडली, चार दहा लिहिलं,
कपाटाकडे न बघताच म्हणाला, "नाही आलेला."
कशावरून?
"आलेला असला तर आणून दाखवा."

सकाळभर मी फळ्यावर हेच लिहीत होते:
आहे किंवा नाही, तिसरी वाट नाही.
मागच्या बाकावरून नेरिसनं विचारलं,
"पण दोन्हीतलं कुठलं?
ही सिद्धता यंत्रावर चालवली तर यंत्र बोट कशावर ठेवेल?"
नरो वा कुंजरो वा, मी पुटपुटले, मराठीत,
आणि फळा पुसला.

मोजा बाकाखाली निघाला,
चिप्सच्या कागदाला चिकटून, ओलाकिच्च.
वाद जिंकल्यासारखी खिडकीशी परतले.
प्रॉसरनं तो माझ्या हातून घेतला,
वहीचं दुमडलेलं पान उलगडलं,
चार दहासमोरचं 'नाही' खोडलं, लिहिलं 'आहे',
आणि मान वर केली, जणू मी आत्ताच येतेय:
"मोजा ना? हा घ्या."

माझाच पुरावा मला परत.
आणि तो माणूस एकदाही खोट्यात सापडला नाही.

खाडीला ओहोटी होती. बसच्या काचेत
चिखल मैलभर मागे सरकलेला.
म्हणजे हे असं चालतं तर:
आधी बेधडक 'नाही' म्हणायचं,
पानाचा कोपरा दुमडून ठेवायचा,
कोणी खोडून काढायला आलंच
तर त्याच्याच हातातलं घेऊन
त्या कोपऱ्याशी परतायचं.
ठाऊक काहीच नसतं त्याला.
मागे फिरता येतं, एवढंच.

आणि मी बाकाखाली वाकलेच नसते तर?
तर ते 'नाही' वहीत तसंच राहिलं असतं,
निळ्या शाईत, कुणी न विचारलेलं,
खऱ्यासारखं.

काखेत कळसा नि गावाला वळसा, आई चिडून म्हणायची.
आई, पगार मिळतो मला त्याच वळशाचा.
किती पावलं, कुठून माघारी,
आणि कुठल्या पावलाला हात काखेत गेला.

नेरिसला उद्या सांगायचं:
यंत्र बोट ठेवतं, पण पेन्सिलीनं.

मुंबल्सचा थांबा. डावा हात गार पडलाय.
मोजा सापडलाय, पण ओला आहे.
घालावा की न घालावा.