चिमणी

परळ, तिसरा मजला, रात्रीचे दोन.
लोहाच्या पाण्यात सिरिंज सोडते आहे
सल्फाइडचा थेंब, थेंबामागून थेंब,
आणि तळातून उगवते
काळी, पोकळ, बोटभर चिमणी.

खिडकीबाहेर बंद गिरणीची एक उभी आहे,
तोंडाशी पिंपळ आलेली.

तांडेल चहा ठेवतात, टेबलापासून लांब, नियमाप्रमाणे.
"आमच्यात चिमणी म्हणजे रॉकेलची.
बाप होडीवर लावायचा,
वाऱ्याला तळहात आडवा धरून."

मी सांगू लागते:
उजेड पोचत नाही अशा समुद्रतळाशी
आतलं पाणी वेगळं, बाहेरचं वेगळं,
मधे कांद्याच्या पापुद्र्याएवढी भिंत.
त्या फरकावर पहिलं काही पेटलं असावं.
असावं. याहून जास्त
वीस वर्षांत मला म्हणता आलेलं नाही.

"म्हणजे तळहात," तांडेल म्हणतात.
मी वहीत टिपते. मग खोडते.

साडेचारला चिमणी ढासळते.
तळाशी काळा चुरा, गढूळ पाणी.
नळी धुवायला उचलता उचलता ते थांबतात,
"टाकू?"

मीटरवरचा आकडा
अजून शून्यावर आलेला नाही.